आवाज बसलाय, पण सर्दी नाही: स्वरयंत्रातल्या बुरशीचं निदान आणि उपचार

आवाज बसला की सहसा एका ठरलेल्या क्रमानं सगळं होतं. आधी गुळण्या, मग दोन दिवस कमी बोलणं, तरीही फरक नाही म्हटल्यावर अँटिबायोटिक, आणि एखादा महत्त्वाचा कार्यक्रम तोंडावर असेल तर स्टिरॉइडच्या चार गोळ्या. विषाणूमुळे बसलेला आवाज तसाही दोन आठवड्यांच्या आत मोकळा होतो, आणि श्रेय शेवटी घेतलेल्या औषधाला मिळतं. पण काहींचा आवाज एवढं सगळं करूनही घोगराच राहतो, किंबहुना आणखी बिघडतो. अशांपैकी थोड्या लोकांच्या स्वरतंतूंवर बुरशी वाढलेली असते.

हा आजार विरळा आहे, म्हणून तो पटकन कुणाच्या मनात येत नाही. आणि अडचण अशी की घसा बसल्यावर सहज दिली जाणारी ती दोन औषधं, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड, नेमकी बुरशीच्या पथ्यावर पडतात. अँटिबायोटिकमुळे बुरशीला दाबून ठेवणारे जिवाणू मरतात, आणि स्टिरॉइडमुळे त्या जागेची प्रतिकारशक्ती मंदावते. म्हणूनच या लेखात पुन्हा पुन्हा एकच आग्रह दिसेल: स्वरतंतू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय औषध सुरू करू नये, आणि औषध संपल्यावर ते पुन्हा पाहिल्याशिवाय आजार गेला असं धरू नये.

पुढे औषधांची नावं आणि मात्रा दिल्या आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध का दिलंय, किती दिवस चालेल आणि कशाकडे लक्ष ठेवायचं हे तुम्हाला कळावं, एवढाच त्यामागचा हेतू आहे. दुकानातून स्वतः घेऊन सुरू करण्यासाठी त्या नाहीत.

बुरशी तिथपर्यंत पोचते कशी

सर्वाधिक वेळा सापडणारी बुरशी म्हणजे कॅन्डिडा, त्यातही कॅन्डिडा अल्बिकन्स. ती अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात काहीही त्रास न देता राहत असते. स्वरतंतूंच्या कडांवरचं आवरण तोंडातल्या आवरणाच्याच जातीचं असतं. त्या आवरणाला इजा झाली किंवा तिथला बचाव ढिला पडला की बुरशी तिथे मूळ धरते.

बचाव ढिला पडण्याची सगळ्यात मोठी कारणं नेहमीच्या व्यवहारातली आहेत. दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) यासाठी घेतलेला स्टिरॉइडचा इन्हेलर हे त्यातलं पहिलं. फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन ही त्यातली नेहमीची नावं. औषधाचा बराचसा भाग फुप्फुसात न जाता घशात आणि स्वरयंत्रावर बसतो. त्याखेरीज पोटातलं आम्ल वर येणं, धूम्रपान, मानेवर झालेली किरणोत्सर्ग चिकित्सा, आटोक्यात नसलेला मधुमेह, एचआयव्ही, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं आणि लांबलेला अँटिबायोटिकचा कोर्स ही कारणं आहेत.

इथे एक गैरसमज फार नुकसान करतो: अशी बुरशी फक्त प्रतिकारशक्ती पार खचलेल्यांनाच होते, हा. एकट्या स्वरयंत्रापुरता मर्यादित असलेला कॅन्डिडाचा संसर्ग बाकी सगळं उत्तम असलेल्या माणसालाही होतो, आणि त्याचं तोंड, टाळू, जीभ अगदी स्वच्छ असू शकते. त्यामुळे तोंड उघडून टॉर्च मारली, पांढरं काही दिसलं नाही, म्हणजे बुरशी नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

दुसरा गट कॅन्डिडापेक्षाही विरळा आहे, पण जास्त गंभीर. हिस्टोप्लाझ्मा, ब्लास्टोमायसिस, कॉक्सिडिऑइडिस, पॅराकॉक्सिडिऑइडिस, क्रिप्टोकॉकस. या बुरश्यांचे कण माती, धूळ किंवा पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेतून श्वासावाटे फुप्फुसात जातात, आणि काही जणांत तिथून स्वरयंत्रात पोचतात. ॲस्परजिलसही क्वचित स्वरयंत्रात सापडते.

आधी दिवस मोजा, आणि धोक्याच्या खुणा तपासा

आवाज बदलून चार आठवडे झाले आणि तो पूर्ववत झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यायलाच हवी. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हीच मुदत आहे. स्वरयंत्र पाहण्याआधी अँटिबायोटिक, स्टिरॉइड किंवा ॲसिडिटीची औषधं सरसकट देऊ नयेत, असंही त्याच सूचना सांगतात.

काही परिस्थितींत चार आठवडेही थांबू नये. गिळताना दुखणं, थुंकीत रक्त, मानेत गाठ, कानात काहीच नसताना एका बाजूचा कान दुखणं, वजन घटणं, जुनं धूम्रपान, नुकतीच मानेची किंवा छातीची शस्त्रक्रिया, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवावं. ज्यांचा आवाज हेच पोटापाण्याचं साधन आहे, म्हणजे शिक्षक, गायक, वकील, निवेदक, त्यांनीही चार आठवडे वाट पाहू नये. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येत असेल, धाप लागत असेल, लाळ गिळता येत नसेल, तर ती तातडीची वेळ आहे. तेव्हा थेट रुग्णालयात जावं.

तपासणीला जाण्याआधी कागदावर काय उतरवायचं

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण बुरशीचा संशय येतो तो बहुतेकदा इथूनच. आवाज कधी बिघडला, आणि तो अचानक गेला की हळूहळू, हे लिहा. सकाळी जास्त खराब असतो की संध्याकाळी, वरचे सूर लागत नाहीत का, बोलून लवकर थकवा येतो का, घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं का, हेही लिहा. बुरशीच्या संसर्गात वेदना असतीलच असं नाही. अनेकांची तक्रार फक्त घोगरेपणाची असते.

मग औषधांची पूर्ण यादी. इन्हेलर असेल तर तो घरून सोबतच न्या, कारण नाव सांगताना रंग आठवतो आणि औषध आठवत नाही. गेल्या तीन महिन्यांतली अँटिबायोटिकं, स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, सांध्यांच्या किंवा त्वचेच्या आजारासाठी चालू असलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, मधुमेहाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, हे सगळं हवं. शेवटच्या तीन नावांचा बुरशीशी संबंध नाही, पण बुरशीच्या औषधाशी फार जवळचा आहे. तो मुद्दा पुढे येतो.

प्रवास आणि कामाची माहितीही द्या. हिस्टोप्लाझ्मा आणि ब्लास्टोमायसिस अमेरिकेतल्या ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत अधिक आढळतात, कॉक्सिडिऑइडिस ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागांत, तर पॅराकॉक्सिडिऑइडिस लॅटिन अमेरिकेत. वटवाघळांची गुहा, जुन्या पडक्या इमारतींची साफसफाई, कोंबड्यांची खुराडी, मोठं खोदकाम यांपैकी कशाशी संबंध आला असेल तर कुणी विचारलं नाही तरी सांगा. हा संपर्क कधीकधी वर्षांपूर्वीचा असतो.

स्वरतंतू पाहणं

नाकातून किंवा तोंडातून दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात, त्याला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. नाकातून जाणारी दुर्बीण बारीक आणि लवचिक असते, नाकात बधिर करणारा फवारा मारतात, आणि सगळं काही मिनिटांत उरकतं. भीती वाटली तरी टाळू नका.

शक्य असेल तिथे स्ट्रोबोस्कोपी करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे वेळा आणि स्त्रियांचे दोनशेच्या आसपास कंप पावतात. साध्या प्रकाशात एवढी वेगवान हालचाल डोळ्यांना दिसत नाही. स्ट्रोबोस्कोपीत लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे ती संथ झाल्यासारखी दिसते, आणि आवरणावरून सरकणारी लाट कुठे अडते ते कळतं. आवरणाला सूज आली किंवा त्यावर बुरशीचा पातळ थर बसला तरी ती लाट मंदावते, आणि आवाज खरखरीत होतो.

कॅन्डिडाचं नेहमीचं चित्र म्हणजे लालसर, सुजलेल्या स्वरतंतूंवर पांढरे ठिपके किंवा चट्टे, बहुधा दोन्ही बाजूंना. पण हे चित्र फसवं आहे. कर्करोगापूर्वीचे पांढरे चट्टे, म्हणजे ल्युकोप्लाकिया, असेच दिसतात. सुरुवातीचा कर्करोग असा दिसू शकतो. क्षयरोग असा दिसू शकतो. आम्लामुळे झालेली सूजही जवळपास जाते. हिस्टोप्लाझ्मा आणि ब्लास्टोमायसिसमध्ये खडबडीत वाढ किंवा व्रण दिसतो, तेव्हा तर पाहणाऱ्याच्या मनात आधी कर्करोगच येतो. नुसतं पाहून बुरशीचा संशय घेता येतो, खात्री देता येत नाही.

या भेटीत दोन गोष्टी मागून घ्या: तपासणीचा व्हिडिओ किंवा फोटो, आणि तुमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग. आवाजाचा त्रास रोजच्या जगण्यात किती आडवा येतो ते मोजणारी दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावलीही असते, ती भरून घ्या. औषधानंतर खरोखर फरक पडला का, हे ठरवायला आठवणीपेक्षा या नोंदी जास्त विश्वासार्ह ठरतात.

बायोप्सी आधी, की औषध आधी?

इथे खरा निर्णय असतो, आणि तो प्रत्येकासाठी एकच नसतो.

बायोप्सी म्हणजे तपासणीसाठी चट्ट्याचा छोटा तुकडा काढणं. स्वरतंतूंचं आवरण अतिशय नाजूक आहे. त्याखालच्या मऊ थरापर्यंत चिमटा गेला तर व्रण राहू शकतो, आणि तो आवाजात कायमचा ऐकू येतो. म्हणून इन्हेलर घेणारा, धूम्रपान न करणारा रुग्ण, दोन्ही बाजूंना पांढरे चट्टे, स्वरतंतू नीट हलताहेत, गाठ नाही, व्रण नाही, असं चित्र असेल तर आधी बुरशीविरोधी गोळी देऊन ठरावीक मुदतीनं पुन्हा पाहणं हा रास्त मार्ग आहे. मुदत मात्र आधीच ठरलेली हवी, साधारण तीन ते चार आठवडे. तेवढ्यात चट्टे पूर्ण गेले नाहीत तर बायोप्सी करायची, गोळ्या वाढवत राहायचं नाही.

याउलट एकाच बाजूला घट्ट चिकटलेला चट्टा, वर आलेली वाढ, व्रण, न हलणारा स्वरतंतू, मानेत गाठ, किंवा अनेक वर्षांचं धूम्रपान असेल तर बायोप्सी आधी. इथे औषध देऊन पाहण्यात घालवलेले आठवडे महागात पडू शकतात. कर्करोगाच्या किंवा ल्युकोप्लाकियाच्या चट्ट्यावरही कॅन्डिडा वाढू शकते, त्यामुळे नमुन्यात बुरशी सापडली म्हणजे कर्करोग नाही, असं होत नाही. अहवालात दोन्ही प्रश्नांची उत्तरं असायला हवीत.

नमुना कुठे आणि कसा जातो

या टप्प्याकडे रुग्णाचं लक्ष नसतं, पण निदान हुकतं ते पुष्कळदा इथेच. सगळा नमुना फॉर्मेलिन या नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या बाटलीत टाकला तर सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी होते, पण त्यातून प्रयोगशाळेत बुरशी वाढवता येत नाही, म्हणजे कल्चर करता येत नाही, कारण फॉर्मेलिननं ती मरते. एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये आणि एक निर्जंतुक सलाइनमध्ये, असे दोन भाग जायला हवेत. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना शांतपणे विचारा: "कल्चरसाठी वेगळा नमुना पाठवणार आहात ना?"

बुरशीचा संशय आहे हे पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे नमुना तपासणाऱ्या डॉक्टरांना, फॉर्मवर लिहून कळवणंही तितकंच गरजेचं. नेहमीच्या रंगात बुरशी नजरेतून सुटू शकते. पीएएस आणि जीएमएस हे खास रंग वापरले की ती उठून दिसते. ब्लास्टोमायसिससारख्या संसर्गात आवरणाची वाढ इतकी वेडीवाकडी होते की ती कर्करोगासारखी भासते, आणि तसा चुकीचा अहवाल मिळून नको त्या उपचारांकडे रुग्ण ढकलला गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. अहवाल आणि रुग्णाचं चित्र जुळत नसेल तर नमुन्याची तीच काच (स्लाइड) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यात काहीही गैर नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक बुरशीची खूण वेगळी. कॅन्डिडाच्या बारीक अंकुरणाऱ्या पेशी आणि लांब तंतू दिसतात. ब्लास्टोमायसिसची पेशी ८ ते १५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जाड भिंतीची, आणि तिचा अंकुर रुंद बुंध्यानं जोडलेला. हिस्टोप्लाझ्मा जेमतेम २ ते ४ मायक्रॉनची, पांढऱ्या पेशींच्या पोटात दडलेली. क्रिप्टोकॉकसभोवती जाड आवरण. ॲस्परजिलसचे तंतू साधारण ४५ अंशांत फुटणारे.

कल्चरमध्ये कॅन्डिडा दोन-तीन दिवसांत वाढते. हिस्टोप्लाझ्माला चार ते सहा आठवडेही लागतात, त्यामुळे "कल्चर निगेटिव्ह" हे उत्तर आठवड्याभरात मिळालं तर ते अंतिम समजू नये. उलट बाजूही ध्यानात असू द्या: घशाच्या साध्या स्वॅबमध्ये कॅन्डिडा उगवली म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही, कारण ती तिथे एरवीही असते. ऊतीत घुसलेली बुरशी दिसणं हा खरा पुरावा.

त्याच नमुन्यावर क्षयरोगाचीही तपासणी व्हावी. हिस्टोप्लाझ्मा आणि क्षयरोग दोन्हींत सारख्याच गाठी दिसतात, एकाऐवजी दुसऱ्याचं औषध चालू राहू शकतं. सोबत छातीचा एक्स-रे, रक्तातली साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज), एचआयव्ही चाचणी, आणि औषध सुरू करण्याआधीची यकृत व मूत्रपिंडाची तपासणी. एचआयव्ही चाचणीचं नाव काढलं की लोक दुखावतात. यात संशय घेण्याचा प्रश्न नाही. उपचार किती आणि किती काळ द्यायचे ते त्यावर ठरतं.

औषध

कॅन्डिडासाठी पहिली पसंती फ्लुकोनाझोलच्या गोळीला. स्वरयंत्रासाठी सहसा रोज १०० ते २०० मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी दुप्पट, आणि साधारण तीन आठवडे किंवा गरजेनुसार जास्त, अशी पद्धत आहे. जेवणाआधी किंवा नंतर कधीही चालते. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर मात्रा कमी करावी लागते. तोंडातल्या बुरशीसाठी मिळणारं निस्टॅटिनचं द्रावण इथे पुरत नाही, कारण गिळताना स्वरयंत्र झाकलं जातं आणि द्रावण स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. कॅन्डिडा क्रुसेई या जातीवर फ्लुकोनाझोल चालतच नाही, आणि ग्लॅब्राटावर अनेकदा कमी चालतं. गोळी नीट घेऊनही फरक नसेल तर जात ओळखणारं कल्चर हवं.

ब्लास्टोमायसिस आणि हिस्टोप्लाझ्माच्या सौम्य ते मध्यम आजारात इट्राकोनाझोल देतात आणि ते आठवडे नव्हे, महिने चालतं: ब्लास्टोमायसिसमध्ये ६ ते १२ महिने, शरीरभर पसरलेल्या हिस्टोप्लाझ्मामध्ये किमान १२. गंभीर आजारात सुरुवात शिरेतून दिलेल्या ॲम्फोटेरिसिन बी नं होते. ॲस्परजिलससाठी व्होरिकोनाझोल. क्रिप्टोकॉकस सापडली तर ती मेंदूच्या आवरणापर्यंत गेली आहे का ते आधी पाहावं लागतं. या सगळ्यांत संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञांची साथ असावीच.

इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला पोटात आम्ल लागतं, म्हणून ती जेवणासोबत घ्यायची. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही. आणि आवाज बसलेल्या कितीतरी लोकांना ॲसिडिटीची गोळी आधीच दिलेली असते! महिनोन् महिने औषध चालतं, रक्तात पोचत मात्र नाही. अशा वेळी द्रावणाच्या स्वरूपातलं औषध, जे रिकाम्या पोटी घेतात, किंवा रक्तातली औषधाची पातळी मोजणं, हे पर्याय डॉक्टरांशी बोलावेत. हृदय कमजोर असलेल्यांना इट्राकोनाझोल सहसा देत नाहीत.

आता औषधांची ती यादी. फ्लुकोनाझोलमुळे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर एकदम खाली जाऊ शकते. काही स्टॅटिनसोबत, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसोबत, स्नायूंना इजा होऊ शकते, फिट्सवरच्या फेनिटोइनची पातळी वाढते, आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणाऱ्या काही औषधांसोबत धोका असतो. इट्राकोनाझोलची एक जोडी तर खास लक्षात ठेवण्यासारखी आहे: फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइडचा इन्हेलर. इट्राकोनाझोल त्या स्टिरॉइडचं विघटन रोखतं, ते रक्तात साठतं आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावतात. गर्भारपण असेल किंवा शक्यता असेल तर आधी सांगा. डोळे किंवा लघवी पिवळी होणं, सततची मळमळ, अंगावर पुरळ, यांपैकी काही झालं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

कारण तसंच ठेवलं तर बुरशी परत येते

इन्हेलर हे कारण असेल तर तो स्वतःहून बंद करू नका. दम्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. डॉक्टरांना विचारून दमा आटोक्यात ठेवणारी सर्वांत कमी मात्रा ठरवा. फवाऱ्याच्या इन्हेलरला स्पेसर (तोंडाशी धरायची पोकळ नळी) जोडला की घशात बसणारं औषध कमी होतं. पावडरच्या इन्हेलरला स्पेसर जोडता येत नाही, तेव्हा प्रकार बदलण्याचा विचार करता येतो. सायक्लेसोनाइड हे स्टिरॉइड मुख्यतः फुप्फुसात गेल्यावर सक्रिय होतं, म्हणून ते काहींना सोसतं. प्रत्येक वेळी इन्हेलरनंतर चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकून टाका. यानं स्वरतंतू धुतले जात नाहीत, पण तोंडातला बुरशीचा साठा कमी राहतो. साखर आटोक्यात आणणं आणि धूम्रपान सोडणं हे तर उपचारच आहेत, त्यावर वेगळं काय लिहावं.

एक खबरदारी: इन्हेलरचं स्टिरॉइड बुरशीशिवायही स्वरयंत्राच्या स्नायूंवर आणि आवरणावर परिणाम करून आवाज बसवू शकतं. चट्टे गेले, आवाज मात्र तसाच, असं झालं तर या बाजूनं विचार करावा.

औषध चालू असताना आवाज कसा वापरायचा

पूर्ण मौनाची गरज सहसा नसते. कमी, सावकाश आणि जवळच्या माणसाशी बोला. कुजबुजू नका. कुजबुजण्यानं आराम मिळतो असं वाटतं, पण अनेक जण त्यात स्वरयंत्र आवळून धरतात. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्या किंवा नुसतं गिळा. सुजलेल्या स्वरतंतूंवर गाण्याचा रियाज करू नये, वरच्या सप्तकात तर नाहीच. शिकवणं टाळता येत नसेल तर माइक वापरा. कार्यक्रमासाठी "एवढ्यापुरतं" स्टिरॉइड घ्यायचा मोह या काळात अगदी निक्षून टाळावा.

आवाज बिघडलेल्या काळात माणूस नकळत जोर लावून बोलायला शिकतो. बुरशी जाते, सवय राहते. त्यासाठी वाचा-उपचार तज्ज्ञांकडून आवाजाची थेरपी घ्यावी. गायक आणि शिक्षकांनी तर ती उपचाराचाच भाग मानावी.

पुन्हा पाहणं

औषधाचा कोर्स संपत आला की पुन्हा लॅरिंगोस्कोपी, आणि आधीचा व्हिडिओ शेजारी ठेवून तुलना. आवाज सुधारला म्हणून ही भेट चुकवणारे बरेच असतात. सूज उतरली तरी आवाज सुधारतो, आणि मागे राहिलेला छोटा चट्टा बुरशीचा आहे की आणखी कशाचा, हे न पाहता कळत नाही. चट्टे गेले असतील तर दोन-तीन महिन्यांनी आणखी एकदा पाहावं, विशेषतः इन्हेलर चालूच असेल तर. चट्टा उरला असेल तर बायोप्सी. बुरशी परत आली असेल तर तीच गोळी पुन्हा लिहून घेण्याआधी चार गोष्टी पडताळा: गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का, बुरशीची जात कोणती, साखर किती, आणि इन्हेलर घेण्याची पद्धत प्रत्यक्ष कुणाला करून दाखवली आहे का.